तिचं माहेर विलायतेत

मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, तरी एक चूक मी आजही करते. इंजिनाला मी 'ती' म्हणते. वर्गात, फळ्यापुढं, कधीच नाही. तिथं इंजिन नपुंसकलिंगी, ते इंजिन, संपला विषय. पण नांदेडच्या फलाटावर उभी असले आणि लांबून गाडी दिसली की तोंडातून निघतंच, "आली बघा ती." शेजारच्यांना वाटतं बाई गाडीला म्हणताहेत. वाटू द्या. व्याकरण वाचतं आणि माझं मनही राहतं.

आमचे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, लातूरच्या छोट्या लायनीवर डायवर होते. मिरजेपासून लातूरपर्यंत अडीच फुटी रुळांची लाईन होती ती. आता तिथं मोठे रूळ आहेत, नवं स्टेशन गावाबाहेर गेलंय, आणि जुन्या लायनीचं नाव काढलं की लोक एकच विनोद सांगतात. चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातला हरभरा उपटायचा आणि पळत येऊन पुन्हा डब्यात बसायचं. ह्यॅ ह्यॅ ह्यॅ. लग्नात सांगतात, मुंजीत सांगतात, परवा एकानं तेराव्याला सांगितला. माझं टाळकंच फिरतं. अरे बाबांनो, गाडी सावकाश चालायची कारण रूळ नाजूक होते. तिच्यात जोर नव्हता म्हणून नाही.

जोराचं मला कुणी सांगू नये. बापूंच्या हाताखाली असायची ती इंजिनं एफ वर्गाची. आमच्याकडं सगळे 'यफ' म्हणायचे. लायनीच्या गोऱ्या कंपनीनं ती विलायतेत बांधून घेतली होती. बॉयलर वेगळा, चाकं वेगळी, अशी सुटी सुटी बोटीनं मुंबईला आली आणि लायनीच्या कारखान्यात जोडली गेली. बारक्या रुळांवर जड इंजिन चालवायचं तर भार पुष्कळ चाकांवर वाटायला पाहिजे. म्हणून ओढणारी चाकं आठ, दोन्ही अंगाला ती एकमेकांना बांधणारे लांब दांडे, आणि मागं कोळशा-पाण्याची वेगळी गाडी. कुशीला पितळेची पट्टी असायची, तिच्यावर विलायतेतल्या कुठल्याशा गावाचं नाव. बापू ती पट्टी चिंचेनं घासायचे. आमच्या घरातला तांब्या तेवढा कधी चमकला नाही, आणि आईनं ते त्यांना कधी विसरू दिलं नाही.

आता इंजिनाच्या 'ते'ची 'ती' कशी झाली, हे सांगते. हे मी बापूंकडून ऐकलं आणि बापूंनी त्यांच्या वडलांकडून. आजोबाही त्याच लायनीवर, शेडात इंजिनं पुसायच्या कामाला. तेव्हा शेडाचा फोरमन गोरा साहेब होता. पहिली यफ जोडून, रंगवून, पुसून उभी केली, तेव्हा साहेब हात मागं बांधून तिच्याभोवती फिरला. दोन पावलं मागं सरकला. मान हलवली. आणि म्हणाला, "शी..." पुढंही काही बोलला, पण आजोबांच्या टोळीला तेवढंच कळलं. शी! सकाळपासून पुसतोय आपण, आणि ह्याला घाण वाटली? सगळे पुन्हा चिंध्या घेऊन भिडले. रॉकेल लावलं, तेल लावलं, पितळ घासलं. साहेब दुपारी परत आला, पाहून खूश झाला, आणि पुन्हा "शी!" झालं, पुन्हा चिंध्या. आजोबांचे हात सोलले म्हणे. साहेबाला वाटत राहिलं, काय इमानी माणसं आहेत ही, एवढं कौतुक केलं तरी थांबत नाहीत.

शेवटी हापिसातला एक इंग्रजी शिकलेला बाबू तिकडून चालला होता, त्यानं उलगडा केला. "अहो, शी म्हणजे ती. साहेबाच्या भाषेत इंजिन बाईमाणूस असतं. 'काय सुंदर आहे ती', असं म्हणतोय तो."

आजोबांनी त्या दिवशी साहेबाला काय शिव्या घातल्या त्या बापूंनी आम्हाला कधी सांगितल्या नाहीत. पण त्या दिवसापासून शेडात इंजिन 'ती' झाली. ती आली, ती गेली, तिला पाणी पाजा, ती आज तापत नाही, ती आज रुसलीय. साहेब गेले, कंपनी सरकारात गेली, 'ती' मात्र राहिली.

आणि 'ती' शेडातून क्वार्टरांत आली तेव्हा बायकांच्या हाती लागली. बायकांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "बाई हाय म्हंता, तर मग माहेर कुठलं हिचं?" विलायत. "अगं माय! इतक्या लांब देली? अन् माहेरचं कुणी येतं का न्हाई तिला बघायला?" कोण येणार, कप्पाळ! गोरा साहेब होता, तोही निघून गेला. मग बायकांनी आपसात ठरवलं, की हिचं माहेर आपणच. दसऱ्याला सगळीकडंच इंजिनांची पूजा होते, झेंडूचे हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आमच्या लातूरच्या क्वार्टरांत त्याच्या पुढचा एक रिवाज होता. आमच्याकडं यफची ओटी भरायचे.

सासरी निघालेल्या लेकीची भरतात, तशीच. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. इंजिनाच्या समोरच्या दिव्याखाली हळदीकुंकू लावायचं आणि खणात सगळं बांधून पुढच्या, डबे जोडायच्या आकड्याला गाठ मारायची. बापूंच्या इंजिनाची ओटी आई भरायची. नवी साडी, नाकात नथ, आणि मागं आम्ही पोरी. बापूंच्या फायरमनची बायको आमच्या शेजारीच राहायची, आम्ही तिला चाची म्हणायचो. ती ओटी भरायची नाही, पण हिरव्या बांगड्या तिच्याकडून यायच्या. बाजारात चुडीवाल्यापुढं बसून निवडून आणायची. "परदेस की बच्ची है," म्हणायची. "मैके से कोई आताच नै बिचारी के." आणि खरंच तिचे डोळे भरायचे. चाचीचं माहेर उदगीरचं, पण आईबाप कधीच गेलेले. आईचंही तसंच, निलंग्याकडं एक भाऊ होता तो वाटणीनंतर बोलेना. हे मला त्या वयात कुठलं कळायला. मला वाटायचं, सणाचं रडतात बायका.

शाळेत मी निबंधात लिहिलं, 'दसऱ्याला आमची इंजिन नटते.' बाईंनी लाल रेघ मारली. मी रडत घरी आले तर आई म्हणाली, "तुझ्या बाईला काय कळतंय? बाईनं कधी तिला न्हाऊ घालताना बघितलंय का?" बापूंना विचारलं. ते जेवत होते. म्हणाले, "परीक्षेत 'ते' लिही. घरात 'ती' म्हण." मी आयुष्यभर तेच केलं.

मला त्या दिवसांची आठवण येते, हे सांगायला मला लाज नाही. लोक म्हणतात, धुरानं कपडे काळे व्हायचे, कोळशाचे कण डोळ्यात जायचे. जायचेच. आईचा पदर ओला करून बापू डोळे पुसायचे. पण ती शेडात उभी असताना जवळ गेलं की अंगावर जी ऊब यायची, तेलाचा आणि ओल्या राखेचा जो वास यायचा, तो मला दुसरीकडं कुठंच भेटला नाही. लग्न करून नांदेडला आले तेव्हा इथं मधले रूळ होते, मीटरगेज. इंजिनं आमच्यापेक्षा मोठी. मी हौसेनं स्टेशनावर गेले, खूप वेळ उभी राहिले, आणि परत आले. चांगली होती. पण तेव्हा तरी ती मला 'ते'च वाटली. परक्याच्या घरातल्या माणसाला एकदम अगंतुगं कसं करणार?

मग डिझेल आलं. छोट्या लायनीवरही आलं. एकेक यफ कारखान्याकडं परत जाऊ लागली, ओढून नेत, आपल्या चाकांवर पण आपल्या दमानं नाही. बापूंची शेवटी राहिली. लातूरच्या आवारात बाजूच्या रुळावर तिला उभी केली होती. विस्तव विझलेला, पितळेची पट्टी कुणीतरी काढून नेलेली. दसरा जवळ आला होता, आणि आईनं ठरवलं होतं की ह्या वर्षी ओटी जंगी भरायची, कारण आता ही जाणार. जाणाऱ्या लेकीची ओटी रिकामी ठेवत नाहीत. नुसता खण नको, साडीच घेऊ म्हणाली. मी तेव्हा दसऱ्याला माहेरी आले होते. आई, चाची आणि मी, आम्ही तिघी बाजाराला गेलो. हिरवी की लाल, ह्यावर दोघींचं भांडण झालं. चाची म्हणाली हिरवी, आई म्हणाली लाल. हिरवी घेतली.

परत आलो तर रूळ रिकामा.

कुणी काही कळवलं नव्हतं. कळवणार कुणाला, आणि का? सकाळी डिझेल आलं, जोडलं, घेऊन गेलं. रुळावर तेलाचा डाग तेवढा होता. आई मटकन खाली बसली, तिथंच, खडीवर. "रिकाम्या ओटीनं गेली गं," म्हणाली. "माझ्या दारातून रिकाम्या ओटीनं गेली." चाचीनं तिला धरलं. बापू क्वार्टराच्या पायरीवर बसले होते, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरच झालं होतं. ते तिथूनच ओरडले, "गप की आता! काय लावलंय? लोखंड हाय ते!"

ते.

आम्ही तिघींनी एकदम त्यांच्याकडं पाहिलं. बापूंच्या तोंडून इंजिनाला 'ते' मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बोलून झाल्यावर त्यांनी तोंड फिरवलं आणि घरात गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी व्याकरण शिकवणारी बाई, पण लिंगबदलानं एवढं रडू येतं हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

पुढं बापू रिटायर झाले, आणि काही वर्षांनी गेले. चाची मुलाकडं उदगीरला गेली, मग तिचीही खबर आली. आई माझ्याकडं नांदेडला आली. आता ती चांगलीच थकलीय, गुडघे धरतात, कान मात्र शाबूत. दर दसऱ्याला आपट्याची पानं हातात घेऊन ती खिडकीशी बसते आणि म्हणते, "रिकाम्या ओटीनं गेली." दरवर्षी. मी चिडायचे. "आई, अगं वितळवून तिचे खांब झाले असतील." आई म्हणायची, "होऊ दे. खांबाला बी लागतंच की हळदीकुंकू."

मागच्या वर्षी माझ्या मुलीनं फोनवर एक फोटो दाखवला. जुन्या लायनीवरच्या एका मोठ्या स्टेशनाबाहेर, बागेत, रुळाच्या तुकड्यावर एक वाफेचं इंजिन शोभेला ठेवलेलं. काळा रंग, लाल पट्टे. मी म्हटलं, आजीला दाखव. आईनं फोन डोळ्याला लावला, लांब धरला, परत डोळ्याला लावला. म्हणाली, "आपली न्हाई ही. पर यफच हाय. हिच्यावर बी तुझे बापू गेलेत. सगळ्यावरच गेलेत." मग फोन खाली ठेवला आणि लहान लेकरासारखं माझ्याकडं पाहिलं. "मला ने."

घरात हसले सगळे. इंजिनाची ओटी भरायला नांदेडहून निघालीय म्हातारी! आमचे हे म्हणाले, "विमानाची राहिलीय, तीही भरून या." मी म्हटलं, तुमची भरून जाते, गप बसा. आणि आई अन् मी निघालो. एस.टी.नं अहमदपूरवरून लातूर, लातूरला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पुढं, आता मोठ्या रुळांवरून. खण आईनं स्वतः निवडला होता. नारळ पिशवीत दोन, एक फुटला तर असावा म्हणून.

अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा मी चहा आणून दिला. कप हातात धरून ती म्हणाली, "ओटी तू भरायची बरं का."

"मी? तू कशाला आलीस मग?"

"बघायला. माझा हात चालत न्हाई आता."

मला कळायला क्षण लागला. नवरा गेलेल्या बाईनं ओटी भरायची नाही, कुंकवाला हात लावायचा नाही, कार्यात पुढं यायचं नाही. आमच्याकडं अजून आहे हे. लग्नाकार्यात आई आपणहून भिंतीशी जाऊन बसते, कुणी सांगायच्या आधी. माझा चहा नासला. "आई, ते लोखंड आहे," मी म्हटलं. "त्याला काय कळतंय कोण सवाशीण आणि कोण काय?"

"लोखंडाची भरायला एवढ्या लांब आलीस का तू?" ती म्हणाली. "येडी कुठली. तिला अपशकुन नगं माझा. आधीच एक रिकामी गेलीय." वर म्हणाली, "चा लई ग्वाड केलाय ह्यानं." आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

इंजिन बागेतच होतं. भोवती लोखंडी जाळी, जाळीला फाटक, फाटकाशी एक रखवालदार. आमचं काम ऐकून तो आधी हसला, मग त्यानं आईकडं पाहिलं आणि फाटक उघडलं. "वर चढू नका, मावशी. आवरा लवकर."

मी पहिल्यांदा तिला एवढ्या जवळून पाहिलं, लग्नाआधीच्या दिवसांनंतर. रंगाचे थरावर थर, मूळचं अंग दिसेना. आठही चाकं होती. हात लावला तर उन्हानं तापलेली होती, आतून नाही. बापू असते तर, एवढंच मनात येत राहिलं. बापू असते तर त्यांनी आधी तिचं अंग पुसलं असतं.

आई फाटकाच्या आत आली, पण जाळीलाच टेकून उभी राहिली. दोन्ही खांद्यांवर पदर. दर दसऱ्याला जी बाई नथ घालून सगळ्यांच्या पुढं असायची, ती तिथं अशी उभी, परक्याच्या कार्यात आल्यासारखी. "ये ना गं जवळ," मी म्हटलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

मी पिशवी उघडली. खण पसरला, तांदूळ ओतले, नारळ ठेवला. आता कुंकू. दिवा उंच होता, माझा हात पुरेना. टाचा उंचावल्या, हळद कशीबशी लागली, अर्धी माझ्याच अंगावर सांडली. कुंकवाचा करंडा उघडताना मला तिथं, त्या बागेत, रखवालदारासमोर, हुंदका फुटला. आवरेना. बापूंसाठी की आईसाठी की कशासाठी, मला सांगता यायचं नाही.

मागून चपलांचा आवाज आला. आई शेजारी येऊन उभी राहिली होती. गुडघ्यावर हात टेकून तिनं वर पाहिलं, दिव्याकडं, बराच वेळ. मग माझ्यापुढं हात पसरला.

"आण तो करंडा."

"अगं, तूच म्हणालीस ना, हात चालत नाही म्हणून?"

"म्हणले होते." तिनं करंडा माझ्या हातातून घेतला. "पर हिला कुठं ठावं हाय तुझे बापू गेलेले? कुणी सांगायला आलं होतं का हिला? हिच्या लेखी ते अजून ड्यूटीवरच हायेत."

बोट कुंकवात बुडवून ती चवड्यांवर उभी राहिली. मी तिला कमरेला धरून वर उचललं.